पंधरावी खुर्ची

बावीस वर्षांपूर्वी एका सोमवारी पक्षाच्या राज्य कार्यकारिणीला एक माणूस कमी पडला, आणि तो माणूस मी झालो.

नियम असा की एकोणतीस जणांच्या कार्यकारिणीत निदान पंधरा हजर असले तरच बैठक खरी. त्या दिवशी चौदा होते. बाकीचे एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते आणि या चौदांनाही तिकडेच पळायचं होतं. प्रदेशाध्यक्ष वकीलसाहेबांनी पक्षाच्या घटनेचं पुस्तक चाळलं. त्यात कामगार प्रतिनिधीची एक जागा होती. पक्ष निघाल्यापासून ती रिकामीच होती, कारण आमच्या पक्षात कामगार कुणी नव्हता. तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन जिना चढून आलो.

"ट्रे ठेव," वकीलसाहेब म्हणाले. "तू पंधरावा."

चिटणीसबाईंनी फॉर्म भरला, मी अंगठा उठवला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलो. काय करायचं ते साहेबांनी एका वाक्यात सांगितलं. "मी चष्मा काढला की हात वर कर." त्यांनी चार वेळा चष्मा काढला, मी चार वेळा हात वर केला. मग सगळे लग्नाला गेले आणि मी कप धुतले.

तेव्हापासून दर वर्षी माझं नाव यादीत तसंच पुढे सरकत राहिलं. पुसायचं कुणाला सुचलं नाही. माणूस कमी पडला की मला बसवायचे, नाही पडला की मी ट्रे फिरवायचा. त्या इमारतीत मला सगळे 'चहा' म्हणत. "चहा, खिडकी लाव." "चहा, पंखा बंद कर." राग यायचा नाही. घोड्याला घोडा म्हटल्यावर घोडा कुठे रागावतो.

आमचा पक्ष जुन्या, सभ्य माणसांचा. जमीनजुमला असलेले, दुकानदार, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. जे आहे ते जपावं, फार हलवू नये, असं त्यांचं मत. बैठकीतही ते फारसे हलत नसत. अकराची बैठक बाराला सुरू व्हायची. राज्यात सत्ता बहुतेक वेळा आमचीच असायची, त्यामुळे कार्यकारिणीत ठराव झाला की आठ-दहा दिवसांत त्याचा सरकारी हुकूम निघायचा.

फिल्टरवाला आणि त्याची माणसं आली ती आधी फुटपाथवर. तो घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, म्हणून आम्ही त्याला फिल्टरवाला म्हणत असू. आमच्या खिडकीखाली उभं राहून ही माणसं पत्रकं वाटायची. राज्य आपलं, भाषा आपली, बाहेरून आलेल्यांनी सगळं गिळलं, आता चाळणी लावली पाहिजे, असा सूर असायचा. वकीलसाहेब कपाळाला हात लावायचे. "चहा, खिडकी लाव. हा गल्लीतला आवाज वर नको."

मग निवडणूक अवघड झाली. पोस्टर चिकटवायला, दारोदार फिरायला आमच्या सभ्य माणसांकडे माणसं नव्हती आणि स्वतः जिने चढायला गुडघे नव्हते. फिल्टरवाल्याची माणसं सगळे जिने चढली. निकालानंतर वकीलसाहेब मला म्हणाले, "त्यांना मागे चार स्टुलं दे. वापरून घेऊ, मग सोडून देऊ."

मी स्टुलं दिली. पुढच्या वर्षी त्यांच्या खुर्च्या झाल्या. जिल्ह्या-जिल्ह्यात पक्षाच्या जागा रिकाम्या पडलेल्या. कंटाळवाणं काम कोण करणार? यांनी अर्ज भरले आणि ते काम केलं. तीन वर्षांत कार्यकारिणीत त्यांची स्वतःची नऊ माणसं झाली, आणि वारा बघून बसणारे पाच त्यांच्या बाजूला सरकले. मी भाषणांवरून कधी काही ओळखलं नाही. मी कप मोजायचो. अकरा वाजता चौदा कप लागायला लागले तेव्हाच मला कळलं की आता पक्षात वेळेवर येणारी माणसं आली आहेत.

आणि वागायला इतकी गोड. आपापले कप धुऊन ठेवायची. फिल्टरवाला माझ्या हातातला ट्रे घ्यायचा. "अहो काका, बसा तुम्ही. मी देतो ना." बावीस वर्षांत त्या इमारतीत मला 'अहो' म्हणणारा तो पहिला माणूस. वाईट वाटतं, पण खरं आहे.

"तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय हे सगळं," तो म्हणायचा. "या मातीतली माणसं तुम्ही. तुम्हाला कधी कुणी विचारलं का?"

"चहात साखर किती ते विचारतात," मी म्हणालो.

तो मनापासून हसला.

त्या उन्हाळ्यात त्याने मला एक कागद दिला. "काका, तीस झेरॉक्स काढा. बैठकीच्या दिवसापर्यंत कुणाला दाखवू नका." मग आपल्या माणसाकडे वळून हळूच म्हणाला, "काकांकडे दिलेला कागद तिजोरीत ठेवल्यासारखा. त्यांना वाचता येत नाही."

आठ वर्षांपूर्वी हे खरं होतं. मग माझी सून आली. मुलगा बसचालक. लांबच्या गाडीवर जायचा, तिकडच्या एका दवाखान्यात दुखावलेला हात बांधून घ्यायला गेला आणि लग्न ठरवून आला. सून परक्या राज्यातली, परक्या भाषेची. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागायचं तर तिला आमच्या भाषेची परीक्षा द्यायची होती. तिने पहिलीचं पुस्तक आणलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचायची आणि मी समोर वाटाणे सोलायचो. एकदा ती अडली.

"बाबा, हे अक्षर काय?"

"मला नाही येत गं."

तिने माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. खुर्ची माझ्या बाजूला ओढली आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं. माझी बायको चुलीजवळून म्हणाली, "बरं झालं. आता म्हातारा पेपर वाचेल, निदान घरात तोंड मिटून बसेल." सून परीक्षा पास झाली. मीही वाचायला लागलो, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तर जिन्याखालच्या झेरॉक्सच्या यंत्राशी मी उभा होतो. ते यंत्र म्हातारं, एक प्रत बाहेर टाकायला बराच वेळ घ्यायचं. माझी वाचायची चालही तीच. प्रत निघेपर्यंत एक ओळ व्हायची. विसाव्या प्रतीला मी कलम चारपाशी पोचलो. राज्याबाहेर जन्मलेल्या कुणाचीही राज्याच्या दवाखान्यांत आणि शाळांत कायम नेमणूक करू नये. ज्यांची अजून कायम झालेली नाही त्यांची होऊ नये व त्यांना वर्षअखेर कामावरून कमी करावं. उरलेल्या दहा प्रतींत मी तेच कलम पुन्हा वाचलं. दहाही वेळा तेच होतं.

सुनेची सहा वर्षं भरली होती. कायम नेमणुकीचं पत्र त्याच महिनाअखेर यायचं होतं.

घरी सांगितलं तेव्हा सुनेबरोबर तिच्या वॉर्डातली एक नर्सही बसलेली होती. तीही बाहेरची, वयाने लहान. आम्ही तिला धाकटी म्हणायचो. रविवारी आमच्याकडेच जेवायची. तिचं पत्र सुनेनंतर दोन महिन्यांनी होतं.

"नीट वाचलंत ना, बाबा?" सून म्हणाली. "घाईत तुम्ही ओळ गाळता."

"तीस वेळा निघाली ती ओळ माझ्यासमोर."

तिने शेजारी बसलेल्या नातीला जवळ ओढलं. नातीच्या वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "असं झालं तर आम्हाला माझ्या बहिणीकडे जावं लागेल. तिकडे दवाखान्यात जागा आहे. यांनाही तिकडे बस मिळेल."

"आणि ही?" बायकोने नातीकडे मान केली.

"आई, तिला इथे कशी ठेवू?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुमचा पक्ष ना तो? बावीस वर्षं चहा पाजलात. एकाला तरी विचारा, पोटात काय गेलं ते."

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. कागदाबद्दल त्यांना माहीत होतं, सगळ्यांनाच होतं.

"मला अजिबात मान्य नाही तो ठराव," ते म्हणाले. "आमच्यापैकी कुणालाच नाही. रानटीपणा आहे."

मला बरं वाटलं. "मग साहेब, तुम्ही विरोधात मत देणार?"

"मत? छे. ते चौदा, आपण चौदा. बरोबरी झाली की अध्यक्ष म्हणून मला उघड निर्णायक मत द्यावं लागेल, आणि ते पेपरात येईल. आपणच आपला पक्ष फोडला म्हणतील." त्यांनी झारी खाली ठेवली. "आम्ही येणारच नाही. डॉक्टर दात काढून घेताहेत, मंत्र्यांना दौरा आहे, मला मेव्हण्याकडे जायचंय. चौदांत बैठक होत नाही. ठराव आपोआप पडेल, आणि कुणी कुणाला दुखावलं नाही. याला राजकारण म्हणतात, चहा."

हिशेब इतका सरळ होता की मी हलक्या पायाने घरी आलो. चौदा आणि चौदा अठ्ठावीस होतात आणि कार्यकारिणी एकोणतीसची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मीसुद्धा स्वतःला कधी मोजलं नव्हतं. सवयच तशी.

बैठकीच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे तीस खुर्च्या मांडल्या. अकराच्या ठोक्याला चौदा आले. चिटणीसबाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या. त्या नोंद करायच्या, त्यांना मत नव्हतं. मी ट्रे घेऊन आत आलो तसा फिल्टरवाला उठला आणि दाराजवळची खुर्ची त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली.

"काका, ट्रे ठेवा," तो म्हणाला. "तुम्ही पंधरावे."

टेबलावर शाईचा पॅड तयार होता. माझ्या अंगठ्यासाठी नवा आणला होता. माणसाने घटनेचं पुस्तक वाचलं होतं, सदस्यांची यादी वाचली होती, पक्षात जे कुणी वाचत नाही ते सगळं वाचलं होतं.

मला तेवढ्यात एवढंच सुचलं की बसून विरोधात हात वर केला तरी चौदा विरुद्ध एक. ठराव होणारच. बसलो की झालं.

"दूध उतू जाईल," मी म्हणालो, आणि ट्रेसकट मागे फिरलो.

तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. गॅस बंदच होता. त्याने पाहिलं, पण बोलला नाही. एवढा सभ्य.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे. बसायचं, अंगठा द्यायचा. तुमच्यासाठीच आहे हो हे."

"कलम चार मी वाचलंय."

तो थांबला. "तुम्ही वाचता? कधीपासून?"

"आठ वर्षं झाली. सुनेनं शिकवलं."

"वा. छान. कुठली सून?"

"कलम चारमधली."

 मी ट्रे खाली ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसलो. नियम असा की तासभर वाट पाहायची. तासात माणसं भरली नाहीत तर बैठक रद्द, आणि पुढची पंधरा दिवसांच्या आत घेता येत नाही. मला फक्त बारा वाजेपर्यंत बसायचं होतं. बसायची मला सवय होती.

साडेअकराला फिल्टरवाला येऊन शेजारी बसला. वरच्या खिडकीत तेरा डोकी दिसत होती.

"काका, गैरसमज झालाय," तो म्हणाला. "हा ठराव तुमच्या सुनेसारख्यांसाठी नाहीच. ती आपल्यातलीच. आपली भाषा शिकली, घरात नांदतेय. अशांना आपण वगळू. मी बघतो ना."

खोटं कशाला सांगू, माझं मन लगेच तिकडे झुकलं. नातीच्या वेणीची रिबन दिसायला लागली. सुनेचं नाव वगळलं की माझं काय अडत होतं?

"लिहून द्या," मी म्हणालो. "तुमच्याकडे प्रत आहे, पेन आहे. कलम चारखाली लिहा. तिचं नाव लिहा आणि सही करा."

त्याने खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. मग पुन्हा लावलं.

"लिहून कशाला, काका? शब्द आहे माझा. असं एकीचं नाव लिहिलं तर उद्या प्रत्येक जण आपापली सून घेऊन येईल."

"येईल खरा," मी म्हणालो.

मला धाकटी आठवली. ती इथे कुणाच्या घरात नांदत नव्हती. तिच्यासाठी बसथांब्यावर बसायला सासरा नव्हता.

एक बस आली, तिने दार उघडलं. चालकाने आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही दोघंही चढलो नाही. बाराला चिटणीसबाई खिडकीतून डोकावल्या आणि त्यांनी वही मिटून दाखवली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," फिल्टरवाला उठताना म्हणाला. तरीही 'तुमच्याकडून' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जुने सगळे ऑफिसात आले, आणि वेळेवर आले. डॉक्टरांचे सगळे दात जागेवर होते. वकीलसाहेबांनी स्वतःच्या खर्चाने मिठाई आणली. "बघितलंत? आवाज नाही, भांडण नाही. अतिरेक असा थोपवायचा असतो." बैठक कशी रद्द झाली ते त्यांनी विचारलं नाही. मिठाईचा ट्रे मीच फिरवला.

पण त्यांना एक काळजी होती. फिल्टरवाल्याची माणसं रुसली होती. ती पक्ष सोडून गेली तर पुढच्या निवडणुकीला जिने कोण चढणार? म्हणून वकीलसाहेबांनी आठवडाभर बसून मधला मार्ग काढला. नवा ठराव त्यांनी स्वतः लिहिला आणि झेरॉक्सला माझ्याकडे दिला. मी पुन्हा यंत्राशी उभा राहिलो. या वेळी भाषा सुरेख होती. 'बाहेरचे' हा शब्द कुठेच नव्हता. स्थानिकांच्या न्याय्य आकांक्षांचा आदर राखून, अन्यत्र जन्मलेल्यांच्या कायम नेमणुका तूर्त पुढे ढकलाव्यात, असं होतं. किती पुढे ते लिहिलेलं नव्हतं. आणि त्यालाही कलम चारच म्हटलं होतं.

दरम्यान, रद्द झालेल्या बैठकीनंतर बाराव्या दिवशी सुनेचं पत्र आलं. दवाखान्याच्या कारकुनाने यादी वेळेवर पाठवली, बस. पत्र मी वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. बायकोने डोळ्याला पदर लावला आणि मग मला म्हणाली, "चला, बसून राहायचा तुमचा गुण एकदाचा कामाला आला." सून हसली. मग तिने पत्राची घडी घातली. "धाकटीला आज सांगू नका," म्हणाली. "तिची रात्रपाळी आहे."

दुसरी बैठक सोळाव्या दिवशी झाली. एकोणतीसच्या एकोणतीस हजर. माझी खुर्ची धरून सगळ्या भरल्या. असं पक्षात आधी कधी झालं नव्हतं. सुरू व्हायच्या आधी वकीलसाहेब स्वयंपाकघरात आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"सुनेचं झालं म्हणे. अभिनंदन," ते म्हणाले. "तुमचं काम झालं. आता आज शांत राहाल ना तुम्ही?"

बावीस वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले. मी चमचे मोजत राहिलो.

ठराव वाचला गेला. वकीलसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मोठ्या ठरावांना हा आमचा रिवाज. तीनदा विचारायचं आणि कुणी उठलं नाही की एकमताने मंजूर. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग माझ्याकडे बघून सवयीने चष्मा काढला.

मी हात वर केला नाही. उठून उभा राहिलो. गुडघा कुरकुरला तेवढाच आवाज.

"माझी आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं चहा आला.

"कसली हरकत?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कलम चार. आमच्याकडे रविवारी एक मुलगी जेवायला येते. ती तूर्त कुठे जाईल ते यात लिहिलेलं नाही."

कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. मतं घ्यावी लागली. बाजूने सत्तावीस. फिल्टरवाला तटस्थ राहिला. ठराव त्याला फार मऊ वाटला, असं त्याने नोंदवून घेतलं. विरोधात एक. चिटणीसबाईंनी वही माझ्यापुढे सरकवली आणि सवयीने शाईचा पॅडही. मी पॅड बाजूला केला आणि सही केली. वेळ लागला. एकोणतीस माणसं माझी सही पूर्ण व्हायची वाट पाहत बसली होती.

धाकटीचं पत्र आलंच नाही, वर्षअखेर ती आपल्या राज्यात परत गेली. जाताना पहिलीचं पुस्तक मागून नेलं. तिकडची अक्षरं वेगळी आहेत, तिथे याचा उपयोग नाही, असं मी म्हणालो. "राहू दे हो," ती म्हणाली.

वकीलसाहेब आता पाहुण्यांना सांगतात की अतिरेक्यांना आम्ही कसं रोखलं. फिल्टरवाला ते शेजारच्या खुर्चीवरून ऐकतो आणि मान डोलावतो. तो आता उपाध्यक्ष आहे. झेरॉक्स ते दोघं स्वतःच काढतात.

त्यानंतरच्या बैठकीत घटनादुरुस्ती झाली. पक्षात कामगार नसल्यामुळे कामगार प्रतिनिधीची जागा रद्द करावी, असा ठराव होता. वकीलसाहेबांनी तीनदा विचारलं, कुणाची हरकत. मी तेव्हा साखर देत होतो. माणसं पुरेशी होती.